गेल्या मंगळवारी काय केलंत?

हिंजवडीत, खराडीत किंवा मगरपट्ट्यात आठ-नऊ वर्षं इमानेइतबारे कोड लिहिलेल्या माणसाने 'आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये जावं म्हणतोय' एवढं एकच वाक्य तोंडातून काढावं आणि मग गंमत बघावी. ज्याला प्रोजेक्ट म्हणजे काय ते कळतं तो, ज्याला मॅनेजमेंट कळते तो आणि ज्याला दोन्हीतलं काहीच कळत नाही तो, असे तिघेही सल्ला द्यायला सरसावतात. त्यात तिसऱ्याचा आवाज सगळ्यात खणखणीत असतो. वीज मंडळातून निवृत्त झालेले मामा म्हणतात, "हो रे मॅनेजर. हाताखाली माणसं असली की मान असतो." शेजारच्या खुर्चीतला मित्र म्हणतो, "वेडा आहेस का? कोडिंग सुटलं की संपलास. पुढच्या मंदीत पहिला नारळ तुलाच." सध्याचा मॅनेजर मीटिंग रूमचं दार लोटून घेतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "तुला म्हणून सांगतो, या फंदात पडू नकोस," आणि त्याच संध्याकाळी सीनियर मॅनेजरच्या जागेसाठी स्वतःचा अर्ज टाकतो. एचआरला आपल्यात अचानक 'लीडरशिप पोटेन्शियल' दिसू लागतं. हे सहसा पगारवाढ द्यायची नसते त्या वर्षी दिसतं. सर्टिफिकेटच्या क्लासमधून फोन येतो, "सर, शनिवारपासून बॅच आहे, डिस्काउंट फक्त उद्यापर्यंत." हा उद्या गेली कित्येक वर्षं उजाडायचा आहे.

एवढे सल्ले ऐकून माणूस गोंधळतो आणि समजतो, की आपल्याला अजून पुरेसे सल्ले मिळालेले नाहीत. इथेच गाडी रुळावरून घसरते. माझं म्हणणं असं, की या बाबतीत मिळणारं प्रत्येक मत खरं असतं, फक्त ते देणाऱ्याबद्दल खरं असतं. मामांनी तीस वर्षं साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून काढली, म्हणून त्यांना मान दिसतो. मित्राला तुमच्यानंतर तुमचा मोड्यूल आपल्या गळ्यात पडणार हे दिसतं. मॅनेजरला तुमच्या जागी तसा दुसरा माणूस मिळणार नाही, हे तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. यातलं कोणीही खोटं बोलत नाही. पण प्रश्न तुमचा आणि उत्तर त्यांचं, असा हा मामला आहे. म्हणून मत विचारणं सोडावं आणि माहिती विचारावी. 'मी मॅनेजर होऊ का?' हा प्रश्न कोणालाही विचारू नये. जो ते काम आज करतो आहे त्याला एवढंच विचारावं, की गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत? या उत्तरात मताला शिरकाव करायला फारशी फट राहत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दहा जणांना विचारलं तर बिघडलं कुठे? दहा डोकी एकापेक्षा बरी. याचं उत्तर याच धंद्याच्या अनुभवात आहे. आयबीएममध्ये ओएस/360 या प्रचंड सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये आणखी माणसं घातली तर तो आणखी लांबतो. कारण नव्या माणसाला आधी शिकवावं लागतं, आणि माणसं वाढली की त्यांच्या आपापसातल्या बोलण्याच्या वाटा त्याहून वेगाने वाढतात. पाच माणसांत दहा वाटा, दहा माणसांत पंचेचाळीस. हा नियम सल्लागारांना लावून पाहा. दहा जणांना विचारणाऱ्याला वाटतं आपल्याला दहा मतं मिळतील. पण मराठी घरात मामा काकांना फोन करतात, काका आत्याला कळवतात, आत्याच्या जावेचा भाचा ज्या कंपनीत आहे तिथे नेमकी मागच्या महिन्यात मॅनेजरांची कपात झालेली असते, आणि आठवडाभरात पंचेचाळीसच्या पंचेचाळीस वाटा वाहू लागतात. शेवटी घरात सगळ्यांना माहीत असतं, की मुलाची नोकरी धोक्यात आहे. माहीत नसतं ते फक्त मुलाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनी जर स्वतःहून बढती देत असेल, तर तिने काही पाहूनच दिली असणार ना? पाहिलेलं असतं, हे मान्य. पण काय पाहिलेलं असतं? प्रोजेक्ट मॅनेजरांची जगातली सगळ्यात मोठी संस्था, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, 1969 मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. नेमक्या त्याच वर्षी लॉरेन्स पीटर यांचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं, ज्यात म्हटलं होतं की उतरंडीतला प्रत्येक माणूस चांगलं काम करतो म्हणून वर चढत जातो आणि ज्या पायरीवर त्याला काम जमेनासं होतं तिथे कायमचा मुक्काम ठोकतो. रोग आणि वैद्य एकाच साली जन्माला येण्याचा योग दुर्मिळच. पीटर यांनी हे बरंचसं गमतीने लिहिलं होतं. पण 2019 मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विक्री विभागांची आकडेवारी तपासली, तेव्हा गंमत बऱ्यापैकी खरी निघाली. सगळ्यात जास्त माल खपवणाऱ्याला मॅनेजर होण्याची संधी जास्त मिळत होती, आणि तो मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची विक्री तुलनेने खालावत होती. चांगला मॅनेजर होण्याची चाहूल देणारी गोष्ट वेगळीच होती: आधीच्या कामात दुसऱ्यांच्या जोडीने किती सौदे केले. बढती देताना नेमकं तिकडेच फारसं लक्ष दिलं जात नव्हतं.

आपल्याकडे सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं, फक्त त्याला पगाराच्या श्रेणीची जोड असते. बऱ्याच कंपन्यांत एका मर्यादेनंतर पगार वाढायचा तर हुद्दा वाढावा लागतो आणि हुद्दा वाढायचा तर हाताखाली माणसं यावी लागतात. मग ज्याला रात्री दोन वाजता डेटाबेसशी बोलायला आवडतं आणि सकाळी दहा वाजता माणसांशी बोलायला आवडत नाही, अशा हिऱ्याला आपण बारा माणसं देतो. कंपनी एक उत्तम डेव्हलपर गमावते, बारा माणसं एक शांत दुपार गमावतात, आणि एचआरच्या फाइलीत मात्र 'करिअर ग्रोथ' अशी नोंद होते. तेव्हा बढतीचं पत्र हा तुमच्या जुन्या कामाचा दाखला आहे. नव्या कामाबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

आता सर्टिफिकेटकडे वळू, कारण सगळ्या सल्ल्यांत हा सल्ला सर्वांत ठोस वाटतो. मत नको म्हणता ना, मग ही घ्या परीक्षा! प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं पीएमपी हे सर्टिफिकेट 1984 पासून दिलं जातं आणि त्याला जगभर मान आहे, यात शंका नाही. पण त्याच्या अटी वाचणारे कमी. चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला परीक्षेला बसण्यासाठी पस्तीस तासांचं प्रशिक्षण लागतं आणि प्रोजेक्ट चालवण्याचा छत्तीस महिन्यांचा अनुभव लागतो. म्हणजे मॅनेजर होण्यासाठी सर्टिफिकेट घ्यायचं तर त्याआधी तीन वर्षं मॅनेजरकी केलेली हवी. क्लासच्या जाहिरातीत ही अट असते, पण विम्याच्या कागदावरच्या अटींच्या मापाने असते. त्यामुळे अर्ज भरायच्या रात्री माणसाला आपल्या आयुष्यातले नेतृत्वाचे क्षण शोधत बसावं लागतं. ऑफिसच्या सहलीच्या बसचं बुकिंग 'वाहतूक व्यवस्थापन' या नावाने पुढे येऊ पाहतं, ते याच रात्री.

शिवाय ज्ञान तरी एका जागी कुठे थांबतं? या संस्थेच्या मार्गदर्शक ग्रंथाची सहावी आवृत्ती 2017 मध्ये आली. सातशेहून जास्त पानं आणि त्यात एकोणपन्नास प्रक्रिया. कित्येकांनी त्या एकोणपन्नास प्रक्रिया तक्ता करून, कपाटाच्या दारावर चिकटवून, दाढी करता करता पाठ केल्या. 2021 मध्ये सातवी आवृत्ती आली ती जवळजवळ निम्म्या जाडीची, आणि तिचा सगळा डोलारा बारा तत्त्वांवर उभा. प्रोजेक्टचा आवाका मधेच बदलला तर काय करावं हे शिकवणाऱ्या पुस्तकाने स्वतःचा आवाका मधेच बदलला, याहून चांगला धडा कुठल्या क्लासमध्ये मिळणार? इथे कोणी म्हणेल, की म्हणजे सर्टिफिकेट निरुपयोगी? मुळीच नाही. बायोडेटा चाळणाऱ्याच्या चाळणीतून ते पार करतं आणि परक्या टीमशी बोलायला एक समाईक भाषा देतं. ते जरूर घ्यावं. पण ते 'मला हे काम येतं का' याचं काही प्रमाणात उत्तर आहे. 'मला हे काम रोज करवेल का' याचं नाही.

त्याचं उत्तर मंगळवारातच मिळतं, म्हणून तो जरा जवळून बघू. साडेनऊला स्टँडअप. ती पंधरा मिनिटांची ठरलेली असते, म्हणून चाळीस मिनिटं चालते. त्यात कळतं की टेस्टिंगचा सर्व्हर कालपासून बंद आहे, तो ज्या टीमकडे आहे तिचा मॅनेजर रजेवर आहे आणि त्याने आपलं काम ज्याच्यावर सोपवलं आहे त्याला ते अजून कळलेलं नाही. अकरा वाजता एक्सेलची शीट उघडते: कोणाच्या बहिणीचं लग्न, कोण नोटीस पिरियडवर, कोणाचा व्हिसा आला, आणि कागदावर शंभर टक्के मोकळा दिसणारा माणूस दुसऱ्या प्रोजेक्टवर साठ टक्के कसा. दुपारी जेवणानंतर एक जण दारात येतो आणि म्हणतो, "पाच मिनिटं आहेत का?" पाच मिनिटं मागायला आलेला माणूस चांगल्या बातमीसाठी कधीही आलेला नसतो. चार वाजता स्टेटस रिपोर्ट. त्यात प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा असतो. लाल भरला तर वरून सहा जण मदतीला धावतात आणि मदतीपायी उरलेलं कामही थांबतं, म्हणून शहाणी माणसं हिरवा भरतात. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल अशा रिपोर्टाला या धंद्यात कलिंगड म्हणतात. ते बाराही महिने पिकतं. संध्याकाळी साडेसहाला, उन्हाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात आणि क्लायंट ताज्यातवान्या चेहऱ्याने एक 'छोटासा बदल' सुचवतो. रात्री जेवणाचं ताट बाजूला सारून त्या बदलाची मिनिट्स लिहायची, आणि मघाच्या सर्व्हरसाठी चौथी 'जेंटल रिमाइंडर' पाठवायची. तोपर्यंत त्यातला जेंटलपणा फक्त विषयाच्या ओळीत उरलेला असतो.

या दिवसात एकही ओळ कोडची नाही, आणि रात्री झोपताना 'हे मी बनवलं' असं बोट ठेवायला काही नाही. काही माणसांना हा दिवस ऐकूनच घाम फुटतो. आणि काही माणसं, खरोखर असतात अशी, मध्येच थांबवून विचारतात, "मग त्या सर्व्हरचं काय केलंत? त्या रजेवरच्या मॅनेजरच्या वरती कोण आहे?" त्यांचे डोळे चमकत असतात. ज्याचे डोळे चमकतात त्याने अर्ज करावा. मामांना विचारायची गरज नाही.

यावर तिसरा आक्षेप येतो: एका मंगळवारावरून आख्ख्या नोकरीची परीक्षा कशी होईल? शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण शीत कुठल्या भातातलं ते तर कळायला हवं. मान्य आहे. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या माणसांचे मंगळवार विचारावेत, त्यातला एक रिलीजच्या आठवड्यातला असावा, आणि एक तरी मॅनेजरकी सोडून पुन्हा कोडिंगकडे परतलेल्याचा असावा. हा शेवटचा माणूस सगळ्यात मोलाचा आणि सापडायला सगळ्यात अवघड, कारण यशाची व्याख्यानं देणारे स्टेजवर असतात आणि परतलेले गुपचूप आपल्या जागेवर हेडफोन लावून बसलेले असतात. ही माणसं शोधायची कुठे, याचाही अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारलं, की नोकरी ज्याच्या ओळखीने मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? 'वारंवार' म्हणणारे साधारण सहातले एक निघाले. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी हात दिला होता. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. तेव्हा ज्याच्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख आहे त्याला चहाला बोलवावं. त्याला तुमच्या मोड्यूलचीही भीती नाही आणि तुमच्या सुखाचीही फिकीर नाही. माहिती मिळवायला याहून निर्मळ झरा नाही.

चौथा आक्षेप स्वाभिमानाचा आहे: "दुसऱ्यांचा मंगळवार कसाही असो, माझा वेगळा असेल." हे वाक्य म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सगळ्या दुःखांचं माहेर. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी सांगितलेला किस्सा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक लिहायला ते काही जण बसले होते, आणि विषय काय, तर माणसं निर्णय कसे घेतात. काम कधी संपेल याचा अंदाज प्रत्येकाने लिहून दिला. सगळे दीड ते अडीच वर्षांच्या आत. मग त्यांनी समितीतल्याच अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, की अशाच दुसऱ्या समित्यांचं काय झालं? तज्ज्ञ गडबडले आणि म्हणाले, साधारण चाळीस टक्के समित्यांनी काम पुरंच केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत अशी, की एवढी माहिती डोक्यात असूनही या तज्ज्ञांनी मघाशी चिठ्ठीवर इतरांसारखाच आकडा लिहिला होता. हे ऐकून समितीने काम थांबवलं का? नाही. पुस्तकाला आठ वर्षं लागली, आणि तोवर ते वापरायचा सरकारचा उत्साह मावळला होता. माहिती हाताशी असली तरी ती स्वतःला लावायची बुद्धी वेगळी लागते, एवढा तरी बोध त्या न वापरलेल्या पुस्तकातून घ्यावा.

सल्लागारांपैकी काही जण याच ठिकाणी थोरामोठ्यांची उदाहरणं काढतात. "श्रीधरन यांच्याकडे बघ. त्यांनी कोकण रेल्वे बांधली!" बांधली, आणि ती नजर लागावी अशी बांधली, 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या मार्गावर सलग गाडी धावली. पण सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो तो पनवलच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा फोटो. त्या फोटोमागच्या आठ वर्षांत जमिनी देणाऱ्या हजारो कुटुंबांशी झालेली बोलणी होती, कोर्टाच्या तारखा होत्या, गोव्यात मार्गावरून उठलेलं आंदोलन होतं, आणि पेडण्याच्या बोगद्यात वारंवार खाली येणारी मऊ माती होती. थोरांचेही मंगळवार असेच असतात, कदाचित जास्तच. त्यामुळे आदर्श ठेवायचाच असेल तर पुलाचा ठेवू नये, मऊ मातीचा ठेवावा.

मग घरच्यांच्या सल्ल्याला काहीच किंमत नाही का? आहे, आणि इथे माझ्या युक्तिवादाला थोडी मुरड घालायला हवी. घरच्यांना कामाची माहिती नसली तरी तुमची असते. बिल्डिंगच्या गळतीसाठी एकाच प्लंबरला पाचव्यांदा फोन करताना तुमचा आवाज कसा होतो, हे बायकोला किंवा नवऱ्याला अचूक माहीत असतं. सोसायटीच्या सभेत दोन भांडणाऱ्यांना तुम्ही एका टेबलाशी बसवता की तिसरे भांडणारे होता, हे शेजारी सांगू शकतात. म्हणून घरी 'मी मॅनेजर होऊ का' विचारू नये. 'मी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना कसा दिसतो' एवढं विचारावं. उत्तर बोचरं असेल, पण अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा प्रामाणिक असेल.

शेवटचा आक्षेप ताजा आहे: आता एआय आलं, मॅनेजरचं कामच जाणार, मग एवढी चर्चा कशाला? मिनिट्स लिहिणं, रिपोर्टात रंग भरणं, रिमाइंडर पाठवणं ही कामं यंत्र आजच करू लागलं आहे, आणि ती गेली तर कोणी रडणार नाही. पण पाच मिनिटं मागायला आलेला माणूस यंत्राच्या दारात जाणार नाही, आणि 'छोटासा बदल' छोटा नाही हे क्लायंटच्या तोंडावर सांगण्याची जबाबदारी यंत्रावर टाकून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. मंगळवारातला सोपा भाग जाईल आणि अवघड भाग तेवढा शिल्लक राहील, असाच रंग दिसतो.

तेव्हा चार मंगळवार ऐका, घरी एक प्रश्न विचारा, आलेली माहिती एका कागदावर मांडा आणि त्या कागदावर निर्णयाची तारीख घाला. परस्परविरोधी बोलणाऱ्या दहा जणांचं ऐकून, कोण काय आणि का बोलला याचा हिशेब लावून, अपुऱ्या माहितीवर ठरल्या दिवशी निर्णय घेणं ज्याला जमलं, त्याने प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पहिला प्रोजेक्ट पार पाडला असं खुशाल समजावं. आणि ती तारीख उलटून गेली, तरी फार मनाला लावून घेऊ नका. नवी तारीख टाका, उशिराचं कारण दुसऱ्या टीमवर ढकला, आणि अर्ज करा. अनुभव मोजला जाईल.